सात रात्री, चौदा वर्षं

परवा जावयांचा सांगलीहून फोन आला. "आई, एक चांगली संधी आलीय. विश्रामबागच्या वहिनी आपली हॉलिडे मेंबरशिप विकताहेत. तुम्ही घेताय का?" वहिनी म्हणजे ह्यांच्या पाटबंधारे खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याची पत्नी. सहकारी तीन वर्षांपूर्वी गेले. दोन्ही मुलं अमेरिकेत. मेंबरशिप पंचवीस वर्षांची, त्यातली अकरा वर्षं झालेली, चौदा शिल्लक. वर्षाला सात रात्री. मूळ किंमत तीन लाख ऐंशी हजार, वहिनी मागताहेत पावणेदोन लाख. नावावर करून घ्यायला कंपनीला आणखी पंचवीस हजार. म्हणजे दोन लाखांत काम.

परवा म्हटलं खरं, पण या गोष्टीला आता चार महिने झाले. चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कंपनीशी भांडायचं नाही, स्वतःच्या मोहाबद्दल बोलायचंय.

मोह कसला ते आधी सांगते. माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. लग्न होऊन साताऱ्याला आले, तरी दर मे महिन्यात मुलांना घेऊन सांगलीला जायचं हे ठरलेलं. आम्ही तिघं भावंडं, सगळ्यांची मिळून सात मुलं. माडीवर ओळीने गाद्या, सकाळी घाटावर, संध्याकाळी गणपतीचं देऊळ आणि येताना भडंग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांपर्यंत गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून अंदाज करा. आमच्या घरात माडीच्या चार पायऱ्या सोडून सगळं पाण्यात होतं. भावांनी चिखल काढला, भिंती गिलावा करून घेतल्या. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं आणि त्या वर्षीच्या दिवाळीत धाकट्याने सांगितलं, "ताई, आता पुरे." घर विकलं, तीन वाटण्या झाल्या. माझ्या वाटणीचे पैसे आले ते मी २०२३ साली पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, ८.२ टक्क्यांनी. तेव्हापासून मे महिन्यात सगळे एकत्र जमलो असं झालेलं नाही. साताऱ्यात आमचं घर तीन खोल्यांचं. चिरंजीव पुण्याला, लेक सांगलीला, भाचरं कुठे कुठे.

तेव्हा फोन आल्यावर मला दिसलं ते रिसॉर्ट नव्हतंच. मला ओळीने घातलेल्या गाद्या दिसल्या. माहेरच्या घराचे पैसे घालून वर्षातून सात दिवसांचं माहेर विकत मिळत असेल तर काय वाईट, असं मनात आलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कोयनानगरच्या विश्रामगृहाला काय झालं?" (ह्यांची सहलीची कल्पना १९८५ साली थांबलेली आहे. खानसाम्याचा रस्सा आणि खिडकीतून धरण.)

या प्रकाराचा थोडा अभ्यास केला. मास्तरीण आहे, गृहपाठ केल्याशिवाय चैन पडत नाही. टाइमशेअरची कल्पना युरोपातली, १९६० च्या दशकातली. आल्प्सच्या डोंगरात बर्फावर घसरायला जाणाऱ्या लोकांना वर्षातला एक आठवडा विकायचा, म्हणजे एकाच खोलीला वर्षाचे पन्नास मालक मिळतात. मग ती अमेरिकेत गेली आणि १९७४ मध्ये तिथे आठवड्यांची अदलाबदल करून देणारी आरसीआय ही कंपनी निघाली. आपल्याकडे १९८६ मध्ये स्टर्लिंग आली, १९९६ मध्ये महिंद्रांची क्लब महिंद्रा. त्यांच्याकडे हंगामांना रंग दिलेले आहेत, जांभळा, लाल, पांढरा, निळा. जांभळा सगळ्यात महाग, कारण दिवाळी-नाताळसारखे सगळ्यांना हवे असणारे दिवस त्यात येतात. आपण ज्या रंगाचे पैसे भरले तो रंग आणि त्याखालचे, एवढंच आपलं.

आणि एक गोष्ट आमच्या पिढीला समजावून सांगावीच लागते. मालक वगैरे शब्द बोलण्यात येतात, पण वहिनींच्या करारात मालकी नावाची गोष्ट मला कुठे सापडली नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, प्रॉपर्टी कार्ड नाही. राहण्याचा हक्क तेवढा आहे, तोही मुदतीचा, आणि तो वापरण्यासाठी दरवर्षी वेगळे पैसे भरायचे. सांगलीच्या घरात माझी तिसरी वाटणी होती ती आणि ही एकाच जातीची वस्तू नव्हे. हे मला कळत होतं, तरी पंधरा दिवस मी ते मनाला कळू दिलं नाही.

इथे जरा थांबून एक जुनी जखम उकरते. आपल्या महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला हॉलिडे हा शब्द ऐकला की पॅनकार्ड क्लब्ज आठवायला हवं. पैसे भरा, अमुक इतक्या रात्रींचा मुक्काम तुमचा, आणि राहिला नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, अशी ती योजना. खोल्यांच्या रात्री हे नाव, पण लोकांनी ते ठेव म्हणून घेतलं. २०१४ साली सेबीने ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे असं म्हणून पैसे गोळा करायला मनाई केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करायचा आदेश दिला. गुंतवणूकदार पन्नास लाखांवर, रक्कम सात हजार कोटींवर. आदेश निघणं आणि पैसे हातात पडणं यांत किती अंतर असतं ते त्या लोकांना विचारा. वहिनींच्या मेंबरशिपचा प्रकार तसा नाही, हे न्यायाने सांगायला हवं. इथे परताव्याचं आमिष कुणी दाखवलेलं नाही, रिसॉर्ट आहेत, लोक जाऊन राहतात. पण जाहिरातीतला फोटो दोन्हीकडे एकच असतो. आजी, आजोबा, नातवंडं आणि मागे तळं.

असो. तर मी सांगलीला गेले. वहिनींनी सगळी फाइल पुढ्यात ठेवली. अतिशय सरळ बाई. काही लपवलं नाही, उलट मीच लपवावं म्हणून इच्छा करत होते की काय असं वाटलं. अकरा वर्षांच्या सत्त्याहत्तर रात्रींपैकी त्यांनी वापरल्या होत्या एकोणीस. "पहिल्या वर्षी उटीला गेलो. मग ह्यांना सुट्टी नसायची. मग मुलांच्या परीक्षा. मग मुलं तिकडे गेली. मग ह्यांचं आजारपण." न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षात नेता येत होत्या, पण त्यालाही मर्यादा. राहिलेल्या गेल्या. वार्षिक शुल्क मात्र एकही वर्ष चुकलं नव्हतं. घेतली तेव्हा बारा हजारांच्या आसपास होतं, आता जीएसटी धरून बावीस हजार.

फाइलमध्ये मला एक कागद निराळा दिसला. पंधरा हजारांची पावती. विचारलं तर वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हं." (परवानगी घेऊन लिहितेय.) गेल्या वर्षी एकाचा फोन आला होता. तुमची मेंबरशिप साडेतीन लाखांना घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणी आणि कराचे पंधरा हजार आधी भरा. वहिनींनी भरले. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. मुलांना सांगितलं नाही, कारण मुलं म्हणतील आईला आता कळत नाही. मी विचारलं, १९३० ला फोन केला का? त्यांना तो नंबर माहीतच नव्हता. सायबर फसवणुकीची तक्रार त्यावर करायची असते, आणि जितक्या लवकर तितकी बरी. ज्यांच्याकडे अशा मेंबरशिपा पडून आहेत त्यांना हे फोन हमखास येतात. विकण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस गिऱ्हाईक आणत नसतो.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात निराळंच चक्र सुरू झालं. आता हिशोब मागे पडला. आपण नाही म्हटलं तर या बाईचं काय? दरवर्षी बावीस हजार, आणखी चौदा वर्षं, एकटीने? दोन लाख रुपये वहिनींना मदत म्हणून गेले असं समजावं का? ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मदत करायची तर दोन लाख देऊन ये. पण खड्डा विकत घेतला म्हणजे त्यात पडलेल्याला वर काढलं असं होत नाही. आता तू पडशील." माणूस तसा कमी बोलतो.

जावई बँकेत आहेत. त्यांनीच विषय काढला होता, त्यांनीच कागद पेन्सिल घेतली. दोन लाख पोस्टातून काढले तर तिमाहीला ४,१०० रुपये व्याज बुडणार, वर्षाचे १६,४००. शिवाय चौदा वर्षांनी मुद्दल शून्य. व्याज आणि मुद्दल मिळून समान हप्ता धरला तर वर्षाला साडेचोवीस हजार पडतात. त्यात शुल्क बावीस हजार. झाले साडेशेहेचाळीस हजार. सातही रात्री वापरल्या तर रात्रीला ६,६०० च्या वर, चारच वापरल्या तर साडेअकरा हजार. जेवणखाण आणि गाडीभाडं वेगळं. आणि शुल्क वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेलं तर चौदाव्या वर्षी ते एकटंच सत्तेचाळीस हजारांच्या घरात जाईल. मी तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची असेन, हे ब्याण्णव. गेल्या वर्षी आम्ही सहाजण गणपतीपुळ्याला एका घरगुती ठिकाणी राहिलो होतो, दोन खोल्यांचे रोजचे पाच हजार, सकाळचे घावन त्यातच.

"पण आई," सूनबाई म्हणाली, "मेंबरशिप असली की जाणं होतं. नाहीतर आपण नुसतं ठरवतो." हा मुद्दा मला खरंच बिनतोड वाटला. पैसे अडकले की माणूस हलतो. पण मग वहिनींचे एकोणीस आकडा डोळ्यांपुढे आला. अडकलेले पैसे मुलांच्या परीक्षेला थांबवत नाहीत आणि साहेबाकडून रजाही मिळवून देत नाहीत.

शेवटी तोडगा काढला तो वहिनींनीच. या वर्षीचं शुल्क तुम्ही भरा, या वर्षीच्या रात्री तुमच्या, आपण सगळे मिळून जाऊ, आणि मग ठरवा. मला हे फार आवडलं. बावीस हजारांत प्रयोग.

पण त्यांचा हंगाम खालचा. मे नाही, दिवाळी नाही. नातू सहावीत, नात आठवीत. मिळालं ते जुलैमध्ये महाबळेश्वर, तेही चार रात्री. साताऱ्याहून दोन तासांवर, जिथे आम्ही वर्षातून एकदा पाहुण्यांना दाखवायला जातोच! आणि आता हसू नका, पण नातवाच्या शाळेला चिठ्ठी मी लिहिली. कौटुंबिक कारणास्तव चार दिवस अनुपस्थित. अशा चिठ्ठ्या एकतीस वर्षं मी टेबलावर आपटलेल्या आहेत. कौटुंबिक कारण म्हणजे काय ते नीट लिहून आणा, असं पालकांना सुनावलेलं आहे. लिहिताना हात थांबला. माझ्या मते इथेच या सगळ्या व्यवहाराची मेख आहे. ज्यांच्या घरात शाळेत जाणारी मुलं आहेत त्यांना स्वस्तातला हंगाम उपयोगाचा नाही आणि उपयोगाचा हंगाम स्वस्तात कुणी विकत नाही. पुनर्विक्रीच्या बाजारात अर्ध्या किमतीत येतं ते बहुधा ज्याला मागणी नाही ते. आमच्या मंडईत संध्याकाळी मेथीची जुडी स्वस्त होते, तिच्याबद्दल आपण एवढा विचार करत नाही कारण ती दोन लाखांची नसते.

चार दिवस कसे गेले? छान गेले, खोटं कशाला बोलू. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बराच आम्ही पाहिला असावा. एकही पॉइंट दिसला नाही. सगळीकडे धुकं, दोन हातांवरचा माणूस दिसत नव्हता. माणसं नऊ आणि वहिनींच्या हक्काच्या खोलीत मोठी चार नि दोन मुलं मावतात, म्हणून आम्ही तिघी बायका बाजारपेठेजवळच्या एका लॉजवर झोपायला. पावसाळ्याचे उतरलेले दर, बावीसशे रुपये. (हा आकडा जावयांनी डायरीत लिहून घेतला, शेजारी ६,६०० लिहिलं, आणि काही न बोलता मला दाखवलं.) रिसॉर्टमध्ये स्वयंपाकघराची सोय होती, छोटी शेगडी, दोन भांडी. तिसऱ्या दिवशी जेवणाची बिलं बघून सुनेने आणि लेकीने तिथेच पिठलं-भात केला. तोच दिवस सगळ्यांत चांगला. वहिनींनी त्यांच्या ह्यांच्या उटीच्या गोष्टी सांगितल्या, मुलं पत्ते खेळली, लाइट गेली.

एक मात्र न्यायाने लिहिते. तिथे आमच्यासारखीच एक निवृत्त जोडी भेटली, नागपूरची. गेली नऊ वर्षं सातही रात्री वापरतात. शाळा नाही, नोकरी नाही, सहा-सहा महिने आधी बुकिंग करतात, पावसाळा-उन्हाळा काही चालतं, एका जागी बसून पुस्तक वाचायला आवडतं. त्यांना तक्रार नाही. अशांनी जरूर घ्यावी. फक्त ते दोघंच होते. आमचं सगळं कुटुंब, असं ते म्हणत नव्हते.

परत आल्यावर मी ठरवलं, आणि घरात सगळ्यांना एकाच वेळी सांगितलं. घेणार नाही. हिशोब तर आहेच, पण खरं कारण हिशोबाच्या आधीचं. आम्ही दोघं गेल्यावर ही गोष्ट कुणाच्या नावावर जाणार? मुलगा म्हणेल ताईला दे, मुलगी म्हणेल दादाला दे, कारण दोघांनाही शुल्क नको असेल. सांगलीचं घर विकताना मी पाहिलंय, चांगल्या वस्तूच्या वाटण्या करतानाही भावंडांचे आवाज चढतात. आठवड्याच्या वाटण्या करायला मुलांना मागे ठेवू? चिरंजीव जरा नाराज झाले. त्यांना साताऱ्यातल्या एका हॉटेलातल्या त्या कार्यक्रमात नवीन मेंबरशिप घ्यायचीच होती, जिथे लकी ड्रॉमध्ये नाव आलं म्हणून नवरा-बायकोला बोलावतात, तीन तास बसवतात आणि आजच सही केली तर सवलत म्हणतात. तिथला मुलगा मला आई म्हणत होता. उद्या येते म्हटल्यावर त्याने आई म्हणणं सोडलं. पण ती गोष्ट पुन्हा कधी.

वहिनींचं काय, ते सांगायचं राहिलं. फोनवर नाही म्हणणं जड जाईल म्हणून मी समोर जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. तुम्ही घेतली असतीत तर मला झोप लागली नसती." मग आम्ही दोघींनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं, मेंबरशिप परत घ्यावी म्हणून. मुद्देसूद, तारखांसह, पतीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून. मराठीत आधी कच्चं, मग जावयांनी इंग्रजीत केलं. करार तसा एकतर्फीच आहे, त्यामुळे ते मान्य करतीलच असं नाही. पण नाहीच ऐकलं तर पुढचं दार माहीत करून घेतलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. हा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. सांगलीतच जिल्हा आयोग आहे, वहिनींना रिक्षाने जाता येईल. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं त्याला आज एकवीस दिवस झाले. पावती माझ्याकडे आहे, कारण वहिनींकडे कागद सापडत नाहीत.

दोन लाख पोस्टातच आहेत. तिमाहीचे ४,१०० मात्र मी वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली आहे. आणि या दिवाळीला सगळ्यांना साताऱ्यालाच बोलावलंय, भावांसकट. सोळा माणसं होतील. तीन खोल्यांत सोळा माणसं कशी मावणार असं ह्यांनी दोनदा विचारलं. शेजारच्यांच्या गच्चीची किल्ली मागून ठेवली आहे, मंडपवाल्याकडून बारा गाद्या सांगितल्या आहेत. वहिनीही येणार आहेत. म्हणतात, मला गादी नको, सतरंजी चालेल. त्यांचे गुडघे मला माहीत आहेत. पलंग ह्यांनी सोडायचा, असं ठरलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.